पिस्ता रंगाची व्हॅन

लक्ष्मीबाई परब. हे नाव आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गाडीच्या आणि रंगाच्या गोष्टी सांगताना ते मागे पडणार नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मला पगार संस्थेने दिला, शिकवलं डॉक्टरांनी, पण काम मला करू दिलं ते परबकाकींनी. हे वाक्य कुणाला विचित्र वाटेल. वाटू दे. पुढे वाचल्यावर कळेल.

मी परांड्याचा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला, आणि त्या बी.ए.चं पुढे काय करायचं हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ओळखीच्या ओळखीने मुलुंडला एका धर्मादाय संस्थेत चिकटलो. कुष्ठरोग शोधून काढायचा आणि त्यावर उपचार करायचे, हे संस्थेचं काम. मी तपासनीस. घरी पत्रात मी 'आरोग्य खात्यासारखं काम आहे' एवढंच कळवलं होतं.

काम काय असतं, ते थोडक्यात सांगतो. वस्तीत घरोघर जायचं आणि माणसांची कातडी बघायची. दिवसाच्या उजेडातच बघायची, दिव्याखाली फिकट चट्टा दिसत नाही. चट्टा सापडला की त्या माणसाला डोळे मिटायला सांगायचं आणि कापसाच्या टोकाने हळूच स्पर्श करायचा. 'कुठे लागलं, बोट ठेवून दाखवा.' दाखवता आलं तर ठीक. नाही आलं, तर त्या जागेची जाणीव गेलेली. मग कोपराच्या मागची शीर, म्हणजे मज्जातंतू, चाचपायची. ती सुतळीसारखी जाड लागली की काम तातडीचं, कारण त्या शिरेवर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अवलंबून असतं. शीर गेली की बोटं वाकतात आणि हाताला गरम-थंड कळेनासं होतं. माणूस भाजतो, कापतो आणि त्याला पत्ता नसतो. लोक ज्याला 'बोटं झडणं' म्हणतात ते असं, भाजून-कापून होतं. वेळेवर औषध मिळालं तर यातलं काहीच होत नाही.

आणि औषध नुकतंच आलं होतं. आधी एकच पांढरी गोळी वर्षानुवर्षं घ्यावी लागे. आता तिच्या जोडीला महिन्यातून एकदा लाल कॅप्सूल, ती आमच्या डोळ्यांदेखत गिळायची. थोडे चट्टे असतील तर सहा महिन्यांत माणूस मोकळा. आम्हाला तर हातात जादूच आल्यासारखं झालं होतं.

पण घ्यायला कुणी येत नव्हतं. त्याचं कारण आमची व्हॅन.

संस्थेकडे एक जुनी पांढरी व्हॅन होती. कुणा कंपनीने वापरून दान केलेली. तिच्या दोन्ही अंगांवर हातभर उंचीच्या लाल अक्षरांत 'कुष्ठरोग शोध व उपचार पथक' असं लिहिलेलं होतं. देणगीदारांना ती अक्षरं फार आवडत. वस्तीत मात्र गाडी शिरली की दारं लागत. आम्ही रस्त्याच्या तोंडाशी उभे, आत डॉक्टर, टेबलावर औषधं, आणि समोर रिकामा रस्ता. ज्याला चट्टा होता तो तर येतच नसे, पण ज्याला साधा नायटा होता तोही फिरकत नसे. या गाडीच्या पायरीवर पाय ठेवला की गल्लीत नाव फुटलं.

आमचा ड्रायव्हर गणपत मोरे. साताऱ्याकडचा, पण मुंबईत वाढलेला, त्यामुळे जिभेला हाड नाही. मला तो पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्युएट' म्हणायचा. एका दुपारी तीन तास कुणी आलं नाही तेव्हा तो स्टिअरिंगवर हात टाकून म्हणाला, "ग्रॅज्युएट, शववाहिकेजवळ पण चार माणसं उभी राहतात रे. आपल्याजवळ कावळा पण नाही."

मी मुलुंडच्या एका बैठ्या चाळीत परबकाकींकडे कॉटवर राहत होतो. परबकाका गिरणीत होते, आणि गिरणी संपानंतर उघडलीच नव्हती. काकी मग घरातच खानावळ चालवत. आसपासच्या कारखान्यांतली बिऱ्हाडं नसलेली पोरं जेवायला येत. त्या ताटांवर घर चालत होतं. काकी वेंगुर्ल्याकडच्या. मला 'दत्ता' म्हणत, आणि मी कुठलं काम करतो ते त्यांना पहिल्या आठवड्यात सांगून टाकलं होतं, कारण एका घरात राहायचं तर लपवणं बरं नव्हे. त्या तेव्हा आमटी वाढत होत्या. वाढता वाढता थांबल्या नाहीत. "हात धुवन जेवक बस म्हंजे झाला," म्हणाल्या.

आता मंजुळाची गोष्ट. नाव खरं नाही.

खाडीकडच्या कोळीवाड्यात मी पायी सर्वेक्षण करत होतो. हिराबाईंच्या ओट्यावर त्यांची मुलगी जाळ्याला गाठी मारत बसली होती. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, रुपयाएवढा फिकट चट्टा. डोळे मिटवून कापूस लावला तर तिला काहीच कळलं नाही. कोपरामागची शीर जाड. मग मी तिच्या करंगळीत आणि शेजारच्या बोटात कागदाचा कपटा धरायला दिला आणि ओढला. उजव्या हातातला सुटेना. डाव्या हातातला अलगद आला. म्हणजे करंगळीचा जोर जायला लागला होता. अजून वेळ होता, पण फार नव्हता.

हिराबाईंना मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रोगाचं नाव घेतलं नाही, आम्ही 'चट्टा' म्हणायचो. पण त्यांना काय ते समजलं. पुढच्या आठवड्यात गाडी नाक्यावर येईल, डॉक्टर तपासतील, औषध देतील, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली.

गाडी गेली त्या दिवशी हिराबाई एकट्याच आल्या. डोक्यावर रिकामी पाटी. गाडीपासून चांगल्या लांब थांबल्या, मला हाताने बोलावलं आणि अक्षरांकडे बोट दाखवलं.

"ही गारी कनाला आनली?"

"औषध गाडीतच आहे, बाई. डॉक्टरही गाडीतच आहेत."

"ही गारी दारान आली का माझी मासली कोन घेनार? हातान् मासली देते मी लोकांना. आन् पोरीचं लगीन ठरलंय. तिला कोन करनार?"

दवाखान्यात या म्हणावं, तर दवाखान्याच्या दारावर गाडीपेक्षा मोठी पाटी, आणि तो रस्ता म्हणजे हिराबाईंच्या गिऱ्हाइकांचाच रस्ता. मी खिशात औषध घालून घरी जावं, तर लग्न ठरलेल्या मुलीच्या घरी दर महिन्याला कुणी परका पुरुष येतो, हा वेगळाच बोभाटा. शिवाय डॉक्टरांनी तपासल्याशिवाय औषध सुरू करायचं नाही, हा नियम. मुलीची करंगळी एका बाजूला, लग्न आणि आईचा धंदा दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये आमची लाल अक्षरं.

मी डॉक्टरांना म्हणालो, "सर, गाडीचा रंग बदलू या. नाव काढून टाकू."

डॉक्टर वयस्कर होते. आयुष्यभर त्यांनी 'या रोगाला लपवू नका' असं सांगत गावोगाव भाषणं दिली होती. त्यांना ते जड गेलं. "आपणच लपवायला लागलो तर लोकांनी काय करावं?" म्हणाले. मग म्हणाले, "पुसा. पण दाराच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरांत राहू दे. मला आत बसल्यावर दिसायला हवं."

मोरेने गाडी एका गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याने अक्षरं वाचली आणि स्प्रे मारायला माणूस नाही असं सांगितलं. दुसऱ्याने तर गाडी आवारातच घेऊ दिली नाही. परत येऊन मोरे म्हणाला, "रंगवून आणा म्हणतात, मग रंगवतो. काय डोकं आहे बघ."

तेव्हा आपणच रंगवायचं ठरलं. जागा कुठे? संस्थेचं आवार भाड्याचं, मालक रागीट. माझ्या डोळ्यांसमोर काकींच्या चाळीचं अंगण आलं. रात्री जेवताना घाबरत विचारलं. काकी म्हणाल्या, "आण. पण तुळशीर थेंब पडता नये."

रविवारी सकाळी गाडी अंगणात आली. चाळ दारात उभी राहून बघत होती. चाळीतले तांबे, एका कारखान्यात फोरमन होते, ते सदऱ्याची बटणं लावत पुढे आले.

"परबकाकी, ही गाडी इथे नको. आमची मुलं इथेच खेळतात."

"खेळांदेत. गाडी काय चावता?"

"तुम्हाला कळत नाही. हा रोग हवेतून पसरतो."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "तांबेसाहेब, गाडी रिकामी आहे. पत्र्याला रोग होत नाही." ते माझ्याशी बोललेच नाहीत. काकींना म्हणाले, "मग तुमच्याकडे जेवायला कोण येतं ते बघतो."

ते खोटं बोलले नव्हते. त्याच आठवड्यात दोन पोरांनी खानावळ सोडली. मला जेवण जाईना. मी म्हणालो, "काकी, मी गाडी दुसरीकडे नेतो." त्या म्हणाल्या, "दोन तोंडा कमी झाली. आता तुमका कालवण जास्त गावतला. जेव." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक गोष्ट सुरू केली. दुपारी गाडीची सावली अंगणात पडायची. तिथे पाट टाकून, व्हॅनला पाठ टेकून त्या सुपात तांदूळ निवडायला बसू लागल्या. रोज. कुणाला काही समजावलं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारची एक बाई शेंगा सोलायला त्यांच्याजवळ येऊन बसली. नंतर तांब्यांच्या घरातूनच वहिनी वात वळायला आल्या, कारण अंगणात दुसरीकडे सावलीच नव्हती.

आता रंगाविषयी. आम्हा दोघांनाही रंगकामाचं काही येत नव्हतं. ब्रशने मी एक दरवाजा रंगवून पाहिला. झाडूने सारवल्यासारखा दिसला. रंगाच्या दुकानदाराने मग रोलर दाखवला. तेव्हा तो नवा होता. भिंतींना लावतात, गाडीला लावलेला त्यानेही ऐकला नव्हता. दांड्याला लोकरीची नळी, ती ताटलीतल्या रंगात फिरवायची आणि पत्र्यावर चालवायची. स्वस्तात काम होणार म्हणून मी खूश. मोरे म्हणाला, "गाडी रंगवतोय की पोळ्या लाटतोय?"

आधी जुना रंग पॉलिशपेपरने घासला. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. मग क्रीम रंगाचा पहिला हात. रंगारी लोक थराला 'हात' म्हणतात. दिवसभर लोकांचे हात तपासणाऱ्या आम्हाला ते ऐकून गंमत वाटे. मोरे म्हणायचा, "दोन हात मारले की काम खल्लास."

माझा रोलर पत्र्यावर रेघा सोडायचा आणि मध्ये मध्ये लोकरीचे धागे चिकटायचे. काकी सूप घेऊन बसल्या होत्या, त्यांना ते बघवेना. उठल्या, माझ्या हातातून रोलर घेतला आणि म्हणाल्या, "किती दाबतंस रे. भाकरी थापूक लागलंस काय?" त्यांनी तो हलक्या हाताने वरून खाली आणि मग आडवा असा फिरवला. फार सुरेख नाही झालं, पण रेघा गेल्या. संत्र्याच्या सालीसारखा पोत आला, तो शेवटपर्यंत राहिला. मोरे म्हणाला, "काकी, तुम्ही ड्रायव्हर असतात तर मी घरी बसलो असतो." त्या म्हणाल्या, "आताय काय करतंस?"

दोन हात झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासत अंगणात आलो तर क्रीम रंगातून 'कुष्ठरोग' वर आला होता. गुलाबी होऊन. लाल रंग फिक्या रंगातून झिरपतो, हे आम्हाला कुठे ठाऊक? तिसरा हात मारला. दुपारपर्यंत ठीक, संध्याकाळी पुन्हा गुलाबी. मोरे गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बघ, डॉक्टरांना पुसायचं नव्हतं. गाडी पण त्यांचंच ऐकते."

दुकानदार म्हणाला, गडद रंग मारा, खालचं दिसणार नाही. त्याच्याकडे गडद निळ्याचे डबे पडून होते. लावला. अक्षरं गेली. गाडी निळी, चकचकीत, काचा स्वच्छ. मी तर अभिमानाने चार पावलं मागे जाऊन बघत होतो. काकींनी मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाल्या, "माका ह्यो रंग खंय तरी बघितल्यासारखो वाटता." आम्हाला वाटला नाही. मोरे मुंबईत वाढलेला, त्यालाही वाटला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

पहिली फेरी भांडुपच्या टेकडीवरच्या वस्तीत. गाडी चढ चढून वर गेली आणि समोर जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. शिट्ट्या वाजल्या. माणसं भिंतींवरून उड्या मारून पळाली. एका बाईने मोठं जर्मनचं पातेलं गटारात उपडं केलं आणि ते डोक्यावर घेऊन धावत सुटली. पाच मिनिटांत वस्तीत फक्त कोंबड्या.

मोरेने ब्रेक दाबला, हवेत वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "वाट लागली. ग्रॅज्युएट, आपण पोलीस गाडी रंगवलीय यार."

हातभट्टीचा तो वास दिवसभर गाडीत होता. थोड्या वेळाने एक माणूस परत आला, गाडीत डोकावला, डॉक्टरांचा स्टेथोस्कोप पाहिला आणि भडकला.

"औषधवाले आहात तर सांगायचं ना. पिंप ओतलं ना मी."

"आम्ही कशाला सांगू?" मोरे म्हणाला. "तू विचारायचं."

"पळताना विचारतात काय?"

डॉक्टर हसत सुटले. मी हसलो नाही, कारण त्याच दुपारी कोळीवाड्याची फेरी होती, आणि तिथे हसण्यासारखं काही घडलं नाही. वळणावर निळी गाडी दिसताच हिराबाईंनी मंजुळाला घेऊन मागच्या वाटेने बहिणीचं घर गाठलं. कुणीतरी तक्रार केली, पोलीस आले, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मी बाजारात त्यांच्या टोपलीसमोर गिऱ्हाईक होऊन उभा राहिलो आणि हळूच विचारलं. त्या बोंबील मोजता मोजता म्हणाल्या, "पोरीच्या हातातनं काल बशी परली."

बशी पडली, याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता. महिना उलटून गेला होता, आणि मुलीच्या पोटात औषधाचा कणही गेला नव्हता.

त्या संध्याकाळी मी अंगणात गाडीकडे बघत बसलो होतो. काकी बाहेर आल्या. मी त्यांना मुलीचं नाव कधी सांगितलं नाही, कुठली तेही नाही. फक्त एक मुलगी आहे, लग्न ठरलंय, हात चाललाय, एवढं सांगितलं होतं. म्हणालो, "काकी, पांढऱ्याने जमलं नाही, निळ्याने जमलं नाही. आता कुठला लावू?"

त्या म्हणाल्या, "असो रंग लाय, की कोण फिरान बघूचो नाय." आणि मला हाताला धरून त्यांनी स्वयंपाकघरात नेलं. चुलीमागची भिंत अर्ध्यापर्यंत ऑइलपेंटने रंगवलेली होती. पिस्ता रंग. तुम्ही त्या काळात मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत कुठेही राहिला असाल, तर तुमच्याही स्वयंपाकघरात तोच असणार. चाळीत, सरकारी कचेरीत, शाळेच्या व्हरांड्यात तोच. रोज डोळ्यांसमोर असतो आणि कुणाला दिसत नाही.

निळ्यावर प्रायमरचा एक हात, मग पिस्त्याचे तीन. या वेळी चाळीतल्या बायकांनी सल्ले दिले, आणि तांब्यांनी दुरून का होईना, 'बॉनेटच्या खालची बाजू राहिली' असं सांगितलं. आरटीओत रंगबदलाची नोंद करून आणली. दाराच्या आत डॉक्टरांना दिसेल असं नाव मी स्वतः लिहिलं.

डॉक्टरांनीही एक गोष्ट बदलली. गाडीत खरूज-नायट्याची औषधं भरपूर घेतली आणि सांगितलं, "आजपासून कुणाचीही, कसलीही कातडी बघायची." पहिल्याच दिवशी पोरं 'खारी, टोस्ट' ओरडत गाडीमागे लागली, त्यांना ती बेकरीची वाटली होती. मग खाज येणाऱ्यांची रांग लागली. महिन्याभरात तिला 'मलमाची गाडी' हे नाव पडलं. त्या रांगेत आम्हाला जे चट्टे सापडले, ते लाल अक्षरांच्या काळात कुठे होते, असा विचार येतो तेव्हा आजही बरं वाटत नाही. काही जण दार लावून आतच राहिले असतील. त्यांची बोटं आम्ही वाचवू शकलो असतो.

कोळीवाड्याच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा रांगेत दहा-बारा बायका होत्या. कुणाला खरूज, कुणाला मिठाच्या पाण्याने हात चिरलेले. त्यांच्या मध्ये, मी बाजारात हळूच कळवल्याप्रमाणे, हिराबाई आणि मंजुळा. कुणी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. डॉक्टरांनी तिचा हात तपासला, बराच वेळ कोपरामागची शीर दाबून पाहिली, आणि लाल कॅप्सूल तिच्या तळहातावर ठेवली.

"लघवी लाल होईल. घाबरायचं नाही."

"कोकमासारखी?" मंजुळाने विचारलं.

"तशीच."

"मग घाबरायचं काय," ती म्हणाली आणि गिळून टाकली. हिराबाईंनी तिच्या पाठीत एक हलका धपाटा घातला. मी तोंड फिरवून मलमाच्या डब्या मोजत राहिलो.

दर महिन्याला ती त्या रांगेत येऊ लागली. डॉक्टरांनी शिरेची सूज उतरायला वेगळ्या गोळ्या दिल्या आणि बोटाला तेल लावून सरळ करण्याचा व्यायाम शिकवला. कधी प्रगती दिसे, कधी नाही. डॉक्टर कागदाचा कपटा ओढत आणि कार्डावर लिहीत.

तिचं औषध पुरं व्हायच्या आतच परबकाकांनी गिरणीची आशा सोडली आणि दोघं गावी निघून गेली. निघताना काकींनी खानावळीची भांडी बांधली, मला दोन वाट्या ठेवून दिल्या, आणि फाटकाशी थांबून म्हणाल्या, "त्या चेडवाचा काय झाला ता कळव माका." चेडू म्हणजे मुलगी. मी हो म्हणालो. गावात पत्र आधी पोस्टमन वाचतो, मग दुकानदार, मग ज्याचं त्याला मिळतं. म्हणून मी ते जपून लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे नाही, पण मजकूर पाठ आहे.

ती. परबकाकी व काका यांस, दत्ताचा सा. नमस्कार. आम्ही सर्व खुशाल. तुमची खुशाली कळवावी.

काकी, तुम्ही जिच्याविषयी विचारलं होतं तिचं लग्न गेल्या आठवड्यात झालं. मला आमंत्रण नव्हतं. का नव्हतं ते तुम्ही समजाल. मला त्याचं वाईट वाटलं नाही, उलट समाधान वाटलं. आम्ही कोण आहोत हे तिथे अजून कुणाला कळलेलं नाही, असा त्याचा अर्थ.

पण लग्नाच्या आदल्या दिवशी आमची गाडी त्या नाक्यावरून रिकामी परत निघाली होती, तेव्हा मुलीच्या मामाने हात दाखवून थांबवली. "मलमवाले, हंडे-पराती न्यायच्यात नवऱ्या मुलाच्या घरी. भाडं काय घ्याल?" म्हणाला. मोरेला भाडं घ्यायचंच नव्हतं, पण फुकट नेलं असतं तर संशय आला असता, म्हणून त्याने मामाशी पंधरा मिनिटं घासाघीस केली. बायकांनी बॉनेटला हळदकुंकू लावलं. आपण रंगवलेल्या पत्र्याला. मी गाडीच्या मागे उभा राहून भांडी आत लावून घेतली. हंडे मुलीच्या आईनेच एकेक करून माझ्या हातात दिले.

निघताना मुलगी आम्हाला चहा घेऊन आली. उजव्या हातात मोरेचा कप, डाव्या हातात माझा. माझा कप काठोकाठ भरला होता आणि बशी नव्हती. दोन पावलं आली आणि थांबली. कप पटकन ओट्यावर ठेवला, डावा हात झटकला, बोटं तोंडाशी नेऊन फुंकली आणि आईला म्हणाली, "आये, भाजलं."

काकी, हे कळवायला पत्र लिहिलं. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
दत्ता